सहा मिनिटं कुठे गेली? प्रोग्रॅमचा वेळ घड्याळाशिवाय कसा मोजतात

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा खेळ सुरू व्हायला काही मिनिटं लागायची. खेळणाऱ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की तक्रारीही थकल्या होत्या. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरला मात्र राहवलं नाही. खेळाचा मूळ कोड त्याच्याकडे नव्हता, म्हणून चालता प्रोग्रॅमच त्याने उलगडून पाहिला, दोन चुका शोधल्या आणि दुरुस्त केल्या. त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीने चूक मान्य केली, सुधारित आवृत्ती काढली आणि त्याला १० हजार डॉलरचं बक्षीसही दिलं.

त्यातली एक चूक फार साधी होती. खेळात विकत घेता येणाऱ्या वस्तूंची एक यादी होती, सुमारे ६३ हजार नोंदींची. प्रत्येक नवी नोंद यादीत टाकण्याआधी प्रोग्रॅम बघायचा, ही आधीच आलेली तर नाही ना? आणि ते बघण्यासाठी दर वेळी यादी पहिल्यापासून चाळायचा. दहाव्या नोंदीला नऊ तुलना, हजाराव्या नोंदीला ९९९, शेवटच्या नोंदीला ६२,९९९. सगळी बेरीज केली की आकडा येतो जवळपास १९८ कोटी.

हा आकडा काढायला मला मशीन लागलं नाही, घड्याळही लागलं नाही. एन नोंदी असतील तर तुलना होतात एन गुणिले (एन वजा १) भागिले २. एका खोलीतल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं तर किती हस्तांदोलनं होतील, तोच हा हिशोब. प्रोग्रॅम चालवण्याआधीच कागदावर असा हिशोब करण्याच्या शास्त्राला अल्गोरिदमचं विश्लेषण म्हणतात. अल्गोरिदम म्हणजे काम करण्याची ठरलेली, पायरीपायरीची रीत. डेटा स्ट्रक्चर म्हणजे माहिती रचून ठेवण्याची पद्धत. यापुढे मी बहुतेक ठिकाणी ‘रीत’ आणि ‘रचना’ एवढंच म्हणेन.

## घड्याळ लावून का मोजत नाहीत?

कारण घड्याळ रीतीबद्दल बोलत नाही, त्या मशीनबद्दल बोलतं. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या लॅपटॉपवर निम्म्या वेळात होईल, आणि पाठीमागे व्हिडिओ चालू असेल तर दुप्पट वेळ घेईल. त्याहून मोठी अडचण अशी की घड्याळ फक्त आजच्या माहितीपुरतं सांगतं. त्या खेळाच्या यादीत ६३ हजारांऐवजी ६३० नोंदी असत्या तर तुलना झाल्या असत्या दोन लाखांहून थोड्या कमी. आजच्या मशीनला हे डोळ्याची पापणी लवण्याआधी जमतं. चाचणी करणाऱ्याने छोट्या यादीवर घड्याळ लावलं असतं तर त्याला सगळं उत्तम दिसलं असतं. नोंदी शंभरपट झाल्या की काम दहा हजारपट होतं, हे त्या चाचणीत कुठेच दिसत नाही.

म्हणून विश्लेषक प्रश्नच वेगळा विचारतो: माहिती वाढत गेली तर काम *कसं* वाढत जातं?

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. दोन संख्यांचा मसावि काढायची युक्लिडची रीत आपण शाळेत शिकतो: मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा, बाकीने पुन्हा भाजकाला भागा, बाकी शून्य येईपर्यंत. गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ मध्ये सिद्ध केलं की लहान संख्येत जितके अंक असतील त्याच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. शंभर-शंभर अंकांच्या दोन संख्या घ्या, ५०० भागाकारांच्या आत उत्तर मिळणारच. या रीतीला सर्वात जास्त दमवतात त्या फिबोनाची मालिकेतल्या लागोपाठच्या संख्या, हेही त्याच्याच कामातून पुढे आलं. पहिला संगणक तेव्हा शंभर वर्षं दूर होता.

## निम्मं करत जाण्याची ताकद

दहा लाख शब्दांचा शब्दकोश घ्या. शब्द पहिल्या पानापासून शोधलात तर सरासरी पाच लाख शब्द वाचावे लागतील. पण शब्दकोश असा कोणी वाचत नाही. मधलं पान उघडतो, आपला शब्द आधी येतो की नंतर ते बघतो आणि अर्धा कोश एका फटक्यात बाद करतो. उरलेल्या अर्ध्याचंही तेच. वीस वेळा निम्मं केलं की दहा लाखांतला एकच शब्द उरतो. कोश शंभर कोटी शब्दांचा केला तर? फक्त तीस वेळा. माहिती हजारपट वाढली, काम दहा पायऱ्यांनी वाढलं.

‘किती वेळा निम्मं केलं की एक उरतो’ या आकड्यालाच लॉगॅरिदम म्हणतात. शाळेतल्या लॉग टेबलांनी ज्यांना छळलं त्यांना सांगतो, या लेखापुरता त्याचा एवढाच अर्थ पुरेसा आहे.

इतकी सोपी रीतही बिनचूक लिहिणं मात्र सोपं नाही. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातल्या, याच शोधात एक चूक सुमारे नऊ वर्षं दडून होती आणि २००६ मध्ये उघड झाली. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं. यादी शंभर कोटींच्या पलीकडे गेली की ती बेरीजच मशीनच्या मापात मावेनाशी व्हायची आणि ऋण संख्या निघायची. रीत बरोबर होती, गणित बरोबर होतं, बेरीज चुकत होती.

## बिग-ओ म्हणजे काय?

वाढीचा वेग थोडक्यात सांगण्यासाठी एक खूण वापरतात, तिचं नाव बिग-ओ. पाउल बाखमान या जर्मन गणितज्ञाने १८९४ मध्ये ती संगणकासाठी नव्हे, तर संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासासाठी वापरली. एडमुंड लांडाऊने ती रुळवली आणि डोनाल्ड क्नूथ यांनी संगणकाच्या जगात तिला शिस्त लावली. ती वाचायची अशी: ‘ओ ऑफ एन वर्ग’ म्हणजे माहिती दुप्पट झाली तर काम साधारण चौपट. ‘ओ ऑफ लॉग एन’ म्हणजे माहिती दुप्पट झाली तर काम जेमतेम एका पायरीने जास्त.

सेकंदाला शंभर कोटी साध्या क्रिया करणारं मशीन आणि दहा लाख नोंदी घेऊ. एकदा सगळं चाळायचं तर एक हजारांश सेकंद. एन गुणिले लॉग एन, म्हणजे चांगल्या रीतीने क्रम लावायला लागतं तेवढं काम, दोन शतांश सेकंद. एन वर्ग असेल तर हजार सेकंद, सतरा मिनिटांच्या आसपास. आणि दर नोंदीमागे काम दुप्पट होणारी रीत असेल तर दहा लाख विसराच. ६० नोंदींनाच ३६ वर्षं लागतील.

## ‘मग जास्त वेगाचं मशीन घ्या की!’

हा आक्षेप नेहमी येतो. शंभरपट वेगवान मशीन आणलं असं समजा. यादी एकदा चाळणारी रीत आता तेवढ्याच वेळात शंभरपट नोंदी हाताळेल. एन वर्गाची रीत हाताळेल दहापट. आणि दुपटीने वाढणारी रीत? साठाच्या जागी सहासष्ट. शंभरपट महाग वेग घेऊन सहा नोंदींची कमाई.

उलट्या बाजूने येणारा आक्षेप जास्त गंभीर आहे. बिग-ओ ठरावीक गुणक सोडून देतं. एका रीतीला एनच्या दुप्पट पायऱ्या लागल्या आणि दुसरीला एनच्या दोन हजारपट, तरी दोघींना एकच खूण मिळते. ही फसवणूक नाही का? कधीकधी आहे, आणि ती मान्य करायला हवी. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार एन गुणिले लॉग एन पायऱ्यांत करता येतो हे डेव्हिड हार्वी आणि योरिस व्हॅन डर हूव्हन यांनी २०१९ मध्ये दाखवलं. पन्नासेक वर्षांचं कोडं सुटलं. पण त्यांच्या मूळ सिद्धतेत ही रीत लागू व्हायला संख्या इतकी मोठी लागते की तिचे अंक लिहायला अख्ख्या विश्वातले अणू पुरणार नाहीत. अशा रीतींना विनोदाने ‘आकाशगंगेतल्या’ म्हणतात. दुसऱ्या टोकाला, पायथॉन भाषेतली क्रम लावायची सोय छोट्या तुकड्यांवर मुद्दाम एन वर्गाचीच रीत वापरते, कारण तीस-चाळीस नोंदींपर्यंत तीच चपळ असते. बिग-ओ हा नकाशा आहे. खड्डे त्यावर दाखवलेले नसतात.

## वाईटात वाईट की सरासरी?

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. टोनी होअर यांनी १९५९ मध्ये, मॉस्कोत विद्यार्थी असताना, क्विकसॉर्ट ही क्रम लावायची रीत शोधली. आकडे लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा घ्या. त्यातला एक कागद उचला. बाकीच्या प्रत्येकाची त्याच्याशी तुलना करून दोन ढीग करा, लहानांचा आणि मोठ्यांचा. मग प्रत्येक ढिगावर तेच पुन्हा. संपलं.

उचललेला कागद दर वेळी साधारण मधला निघाला तर ढीग निम्मे-निम्मे होत जातात आणि काम चटकन आटोपतं. पण समजा आपण नेहमी वरचाच कागद उचलतो आणि गठ्ठा आधीच क्रमाने लावलेला आहे. मग पहिला कागद सर्वात लहान, एक ढीग रिकामा, दुसऱ्यात बाकी सगळे. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच. दहा लाख कागदांना ५० हजार कोटी तुलना. गंमत बघा: क्रम लावायची गरजच नसलेला गठ्ठा या रीतीला सर्वात जास्त रडवतो.

उपाय एका ओळीचा आहे: वरचा कागद उचलू नका, डोळे मिटून कुठलाही उचला. मग सरासरी किती तुलना होतील? हे काढायची युक्ती इतकी देखणी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कागदांवर १ ते १० लाख असे आकडे आहेत. ५ आणि ६ या शेजाऱ्यांची एकमेकांशी तुलना कधी ना कधी होणारच, कारण त्यांना वेगळ्या ढिगांत टाकणारा आकडा त्यांच्या मध्ये नाहीच. १ आणि १० लाख यांचं काय? पहिल्याच फेरीत या दोघांपैकी एक उचलला गेला तरच त्यांची गाठ पडेल. दुसरा कुठलाही कागद उचलला की एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि ते पुन्हा कधीही भेटत नाहीत. म्हणजे भेटीची शक्यता दहा लाखांत दोन. कुठल्याही जोडीसाठी नियम हाच: त्या दोघांसकट मधले सगळे कागद मोजा आणि दोनला त्या संख्येने भागा. सगळ्या जोड्यांच्या शक्यतांची बेरीज केली की दहा लाख कागदांसाठी उत्तर येतं सुमारे अडीच कोटी तुलना. ५० हजार कोटी कुठे आणि अडीच कोटी कुठे!

ही सरासरी नेमकी कशाची, हे नीट बघायला हवं. ‘बहुतेक गठ्ठे बरे असतात’ असं आपण म्हणत नाही. गठ्ठा कसाही असो, मुद्दाम वाईट रचलेला असो, सरासरी तीच राहते, कारण फासे आपण टाकतोय. समोरच्याला गठ्ठा ठरवता येतो, फासे नाही.

## ‘इतकी वाईट माहिती येणार तरी कुठून?’

येते. २० जुलै २०१६ रोजी प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद पडली. कारण होतं एका पोस्टमधल्या सुमारे २० हजार लागोपाठच्या मोकळ्या जागा. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकणारा एक नियम पहिल्या जागेपासून शेवटापर्यंत धावायचा, पुढे अक्षर दिसलं की परत यायचा आणि दुसऱ्या जागेपासून पुन्हा सुरू करायचा. २०,००० अधिक १९,९९९ अधिक १९,९९८… म्हणजे सुमारे २० कोटी पायऱ्या. तोच हस्तांदोलनाचा हिशोब, दुसऱ्या वेषात.

तिथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू वाईट असू शकतो, आणि त्यासाठी हॅश टेबल ही रचना समजून घेऊ. खूप खण असलेलं कपाट कल्पा. वस्तूच्या नावावरून एका सूत्राने खणाचा नंबर काढायचा आणि वस्तू तिथे ठेवायची. शोधताना तेच सूत्र, तोच खण. कपाट कितीही मोठं असलं तरी साधारण एकाच झडपेत वस्तू हातात. त्या खेळाच्या यादीला हेच हवं होतं. १९८ कोटी तुलनांच्या जागी ६३ हजारांच्या आसपास झडपा पुरल्या असत्या.

दोन वस्तूंचा खण एकच निघाला तर? तसं होणारच, आणि वाटतं त्यापेक्षा फार लवकर. २३ माणसं जमली की त्यातल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. ३६५ खण, फक्त २३ वस्तू. एका खणात दोन-तीन वस्तू आल्या तर बिघडत नाही. पण सूत्र सगळ्यांना माहीत असेल, तर कोणी मुद्दाम अशी हजारो नावं पाठवू शकतो की सगळी एकाच खणात जाऊन बसतील. कपाट उरतं नावापुरतं, आणि आपण पुन्हा यादी पहिल्यापासून चाळायला लागतो. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये या हल्ल्याचा धोका शोधनिबंधातून मांडला. २०११ च्या डिसेंबरमध्ये एका सुरक्षा परिषदेत संशोधकांनी दाखवलं की वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक भाषा अजूनही या हल्ल्याला उघड्या आहेत. आठ वर्षं इशारा कागदावर पडून होता, याचं मला आजही नवल वाटतं.

तोडगा पुन्हा फाशांचाच. सूत्रात एक गुप्त आकडा मिसळायचा, जो बाहेरच्याला कळणार नाही. २०१२ मध्ये जाँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी सिपहॅश नावाचं असं सूत्र मांडलं, आणि पायथॉनने ते ३.४ या आवृत्तीपासून स्वीकारलं.

## अधूनमधून बसणारा फटका

काही रचनांमध्ये बहुतेक कामं फुकटात होतात आणि एखादंच अतिशय महाग पडतं. यादी ठेवायला जागा संपली की मोठी जागा घेऊन सगळं सामान तिकडे हलवावं लागतं. नवी जागा किती मोठी घ्यावी? दर वेळी हजार खण वाढवले तर दहा लाख वस्तू भरेपर्यंत सामानाची हलवाहलव होते सुमारे ५० कोटी वेळा. दर वेळी जागा दुप्पट केली तर १ अधिक २ अधिक ४ अधिक ८… असं करत एकूण साडेदहा लाख वेळाही नाही, म्हणजे वस्तूमागे जेमतेम एक हलवणं. महाग कामाचा खर्च स्वस्त कामांवर वाटून बघण्याच्या या पद्धतीला रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये पक्कं रूप दिलं.

यावर रास्त हरकत अशी की एकूण हिशोब छान असला तरी तो एक मोठा फटका नेमक्या नको त्या क्षणी बसला तर? विमानाचं नियंत्रण किंवा हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र असेल तर सरासरीचा उपयोग नाही. तिथे मुद्दाम थोडी मंद, पण कधीच दगा न देणारी रचना निवडतात.

‘आता कोड एआय लिहून देतं, मग हे शिकायचं कशाला’ असंही हल्ली ऐकू येतं. कोड कोणीही लिहो, ६३ हजार नोंदींच्या यादीला तो दर वेळी पहिल्यापासून चाळत असेल तर १९८ कोटी तुलना होणारच.

## याहून वेगाने जमणारच नाही, हे कसं कळतं?

रीत किती चांगली ते मोजता येतं, हे एक. पण *कुठलीच* रीत याहून चांगली असू शकत नाही, अजून न शोधलेलीसुद्धा नाही, हे कसं सिद्ध करणार?

पाच पत्ते घ्या. त्यांचे क्रम १२० प्रकारचे असू शकतात. एका तुलनेचं उत्तर ‘हा लहान’ किंवा ‘तो लहान’ एवढंच असतं, म्हणून एक तुलना उरलेल्या शक्यता फार तर निम्म्या करते. नशीब वाईट असेल तर निम्म्याहून जास्त उरतात. सहा तुलनांनी ६४ शक्यतांचाच निवाडा होतो. म्हणून पाच पत्त्यांना किमान सात तुलना हव्यातच, लावणारा कितीही हुशार असो. सातात जमतंही. याच हिशोबाने दहा लाख कागदांना किमान १ कोटी ८५ लाखांच्या आसपास तुलना लागतात. क्विकसॉर्टचे अडीच कोटी आठवा. सुधारायला तशी फारशी जागा उरलेली नाही.

पण ही खालची मर्यादा दर वेळी गाठता येतेच असं नाही. बारा पत्त्यांना हा हिशोब २९ सांगतो. मार्क वेल्स यांनी १९६५ मध्ये संगणकावर शक्यता तपासून दाखवलं की २९ पुरत नाहीत, ३० लागतात. सोळा पत्त्यांना हिशोब सांगतो ४५, आणि क्नूथ यांचाही अंदाज होता की ४५ मध्ये जमेल. फ्लोरियन स्टोबर आणि आर्मिन वाइस यांनी तो खोटा ठरवला: ४६ लागतात. हे काम प्रसिद्ध झालं २०२३ मध्ये. त्याने २२ पत्त्यांपर्यंतचे आकडे पक्के झाले. २३ चा त्यात नाही.